आईचं युरीन इन्फेक्शन : 'साधी' गोळी पुरेल की 'स्ट्राँग' हवी?

सातारी_कंदी
आई साताऱ्याला, मी पुण्यात. वय ६७, मधुमेह आणि बीपी दोन्ही. परवापासून लघवीला जळजळ, अर्ध्या अर्ध्या तासाने जावं लागतंय, ओटीपोटात ठणका. ताप नाही. मागे काही महिन्यांपूर्वी असंच झालं होतं, तेव्हा सेफिक्झिम दिलं होतं आणि बरं वाटलं होतं. या वेळी नव्या डॉक्टरबाईंनी लघवी कल्चरला (कोणता जंतू आहे, त्यावर कोणतं औषध चालेल ते बघायला) पाठवली आणि रिपोर्टची वाट न बघता नायट्रोफ्युरंटॉइन १०० सुरू केली. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस.

आता खरी भानगड. शेजारचे काका पूर्वी औषध कंपनीत एमआर होते. त्यांनी पट्टी बघून आईला सांगितलं, "वहिनी, ही जुनाट गोळी आहे, मधुमेहाला एवढ्याने काय होतंय, चांगलं स्ट्राँग काहीतरी मागा." आईने गोळी थांबवलेली नाही, पण विश्वास उडालाय. मला डॉक्टर बदलायचे नाहीयेत. फक्त ही गोळी की ती, हे डॉक्टर कशावरून ठरवतात ते समजून घ्यायचंय.

खडीसाखर
आमच्याकडे उन्हाळी लागली की धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा आणि वाळा. त्यानेही नाही थांबलं तर नॉरफ्लॉक्स ४०० च्या दोन-तीन गोळ्या मेडिकलमधून. आख्खं खानदान यावर जगलंय.

मेडिकलवाला_सांगली
ताई, खानदान जगलं कारण तेव्हाचे जंतू नॉरफ्लॉक्सला घाबरत होते. आता नाहीत. मी काउंटरच्या या बाजूला उभा असतो म्हणून सांगतो. रोज एक तरी माणूस येऊन म्हणतो, "मागच्या वेळची ती पिवळी गोळी द्या, दोनच द्या, बघतो." आणि लघवीच्या जळजळीला सगळ्यात जास्त मागणी कशाला? ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल. यातलं ऑर्निडाझोल आमांशाच्या जंतूंवरचं. लघवीच्या नेहमीच्या इन्फेक्शनमध्ये त्याचं काडीचं काम नाही, तोंड मात्र कडू होतं.

मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन आहे. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रजिस्टरला नोंद करायची, ती तीन वर्षं ठेवायची. किती दुकानांत होतं हे विचारू नका.

डॉ_तळटीप
एमडी मेडिसिन, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस. इथे कुणाला औषध लिहून देत नाही, फक्त विचार कसा करतो ते सांगतो.

पहिला प्रश्न 'जंतू किती ताकदवान' हा नसतोच. इन्फेक्शन कुठे आहे, हा असतो. जळजळ, वारंवार लागणं, ओटीपोटात दुखणं, पण ताप नाही, थंडी नाही, कुशीत दुखत नाही, उलट्या नाहीत, तर ते बहुतेक मूत्राशयापुरतं आहे. तिथे पोचणारं औषध लघवीत भरपूर उतरलं पाहिजे, रक्तात किती आहे याने फरक पडत नाही. नायट्रोफ्युरंटॉइन नेमकं असं आहे. रक्तात नावाला, लघवीत भरपूर. १९५३ पासून वापरात आहे हे खरं, म्हणजे काका 'जुनाट' म्हणतात ते कॅलेंडरप्रमाणे बरोबर. पण ते जंतूच्या आत जाऊन एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून ई. कोलायला (लघवीच्या इन्फेक्शनचा नेहमीचा जंतू) त्याच्याविरुद्ध प्रतिकार कमवायला सत्तर वर्षांत नीट जमलेलं नाही. मूत्राशयाच्या साध्या इन्फेक्शनसाठी आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांतही हीच पहिल्या पसंतीत आहे, जोडीला फॉस्फोमायसिन.

याच गुणाची दुसरी बाजू अशी की किडनीपर्यंत गेलेल्या इन्फेक्शनला ही गोळी निरुपयोगी. ताप आला की हिशेब बदलतो.

आता सांगा: आईंचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती? साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या कोणत्या? आणि खाज आहे का?

सातारी_कंदी
क्रिएटिनिन १.१. रिपोर्टवर नॉर्मल लिहिलंय. गोळ्या: ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन (या वर्षी सुरू झाली), टेल्मिसार्टन. खाज विचारली, "थोडी आहे, पण तुला काय सांगायचं" म्हणाली.

डॉ_तळटीप
या एका यादीत सगळी गोष्ट आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

६७ वर्षांच्या बाईंचं १.१ म्हणजे ईजीएफआर, किडनीचा गाळण्याचा वेग, साधारण ५५. 'नॉर्मल' नाही, थोडी कमी. पूर्वी ६० च्या खाली नायट्रोफ्युरंटॉइन द्यायचं नाही असा दंडक होता. किडनी मंद असेल तर औषध लघवीत पुरेसं उतरत नाही आणि अंगात साठून नसांना त्रास देतं. आता थोड्या दिवसांच्या कोर्सला बरेच जण ३० पर्यंत देतात, ब्रिटनमध्ये ४५ ची रेघ धरतात. ५५ ला पाच दिवस चालतं. महिनोन् महिने रोज एक असं कुणी सुरू केलं तर मात्र विचारा, कारण लांबच्या वापरात फुप्फुसं आणि नसा दोन्ही बिघडू शकतात. मधुमेहात नसा आधीच नाजूक.

सिप्रो, लिव्हो, ऑफ्लो, म्हणजे खडीसाखर ताईंच्या नॉरफ्लॉक्सचं सगळं कुटुंब: ग्लिमेपिराइडबरोबर घेतल्यास साखर अचानक खाली जाऊ शकते. उतारवयात टाचेमागचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) तुटण्याचा धोका वेगळा. दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला ही औषधं वापरू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांना मंजुरी देणारी संस्था) २०१६ मध्येच सांगितलं. शिवाय कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडबरोबर घेतली तर पोटातच अडकतात.

को-ट्रायमॉक्साझोल: जंतूला लागू पडत असेल तर उत्तम आणि स्वस्त औषध. पण टेल्मिसार्टनबरोबर पोटॅशियम वाढवतं, ग्लिमेपिराइडबरोबर साखरही खाली आणू शकतं. भागात वीस टक्क्यांहून जास्त जंतू दाद देत नसतील तर कल्चरशिवाय सुरू करायचं नाही असा संकेत आहे. आपल्याकडे तो आकडा कधीच ओलांडलाय.

सेफिक्झिम: काही महिन्यांपूर्वीच घेतलंय. अलीकडे जे अँटिबायोटिक झालं, त्यातून वाचलेलेच जंतू पुन्हा येण्याची शक्यता जास्त. तेच औषध परत आंधळेपणाने देत नाहीत.

म्हणजे डॉक्टरबाईंनी जुनी गोळी सवयीने लिहिलेली नाही. बाकीच्या एकेक करून खोडल्यावर जी राहिली ती लिहिली.

आणि डॅपाग्लिफ्लोझिन. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्या जागी बुरशी वाढते, खाज सुटते, त्वचेला जळजळ होते. अशा वेळी अँटिबायोटिकचे कोर्स चढवत गेलं तर बुरशी आणखी फोफावते. पेटंट संपून ही गोळी स्वस्त झाल्यापासून असे पेशंट बरेच दिसतात. 'थोडी आहे' हे आईंनी डॉक्टरांना सांगायला हवं, तुम्हाला नाही सांगितलं तरी चालेल.

टवाळ_कार्टं
डॉक, एवढं ओपीडीत का नाही सांगत? तिथे तर 'पाणी भरपूर प्या' यापुढे गाडी जात नाही.

डॉ_तळटीप
बाहेर साठ माणसं बसलेली असतात.

लेस्टरकर
इकडे इंग्लंडमध्ये हेच औषध, पण तीन दिवस. ३१ जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट सुरू झालंय. १६ ते ६४ वयाची बाई, गरोदर नाही, ताप नाही, वारंवार होत नाही, तर फार्मासिस्ट स्वतः प्रश्न विचारून नायट्रोफ्युरंटॉइन देतो, जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जावंच लागत नाही. कंदी ताईंच्या आई मात्र त्यात बसणार नाहीत, वय जास्त.

मी नर्स आहे. इथे पेशंटला हमखास सांगतो ते दोन मुद्दे: गोळी जेवणासोबत घ्या, नाहीतर मळमळ होते. आणि लघवी गडद पिवळी-तपकिरी होईल, घाबरून कोर्स सोडू नका.

सातारी_कंदी
लघवीचा रंग!! कालच फोनवर "रक्त पडतंय" म्हणून घाबरली होती. धन्यवाद लेस्टरकर. जेवणासोबत म्हणताय, पण उद्या संकष्टी आहे आणि ती चंद्रोदयाशिवाय काही खात नाही.

लेस्टरकर
सकाळची गोळी साबुदाण्याच्या खिचडीसोबत घेऊ दे. पोटात काहीतरी हवं, गोळीला संकष्टी कळत नाही.

मेडिकलवाला_सांगली
एक विचारतो, चिठ्ठीत सोबत लघवीची जळजळ कमी करणारं सायट्रेटचं सिरप आहे का? बहुतेक चिठ्ठ्यांत जोडीने येतं.

सातारी_कंदी
हो, दोन चमचे तीन वेळा.

प्लेटवाली
मायक्रोबायोलॉजिस्ट, एका लॅबमध्ये रोज लघवीच्या प्लेटा वाचते. सांगलीकरांनी बरोबर नस पकडली. नायट्रोफ्युरंटॉइन आम्लधर्मी लघवीत जास्त चांगलं काम करतं आणि ते सिरप लघवी अल्कधर्मी करतं. एकीकडे गोळी, दुसरीकडे तिचे पाय ओढणारं सिरप. डॉक्टरांना विचारून सिरप बंद करता येईल का बघा. जळजळीला पॅरासिटामॉल चालतं.

कल्चरबद्दलही सांगते, कारण निम्मे सॅम्पल आमच्याकडे येतात तेच बाद होऊन. नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यायचा. आधी साध्या पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली धार डबीत. डबी तासा-दोन तासांत लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये. सकाळी डबी भरून दुपारपर्यंत स्कूटरच्या डिकीत फिरवली की त्यात वाढलेल्या जंतूंवर आम्ही रिपोर्ट देणार आणि तुम्ही औषध घेणार. 'मिक्स्ड ग्रोथ' आलं तर समजा की नमुना बिघडला, तीन जंतू मिळून तुमच्यावर चाल करून आलेले नाहीत.

गुहागरी_फणस
पुरुषांना हीच चालते का? मी ४५. दोन दिवस ताप, थंडी, लघवी अडखळत. बायकोची उरलेली नायट्रोफ्युरंटॉइन घरात आहे.

डॉ_तळटीप
नाही. धागा बंद करा आणि आज दवाखान्यात जा. पुरुषात ताप आणि अडखळणारी लघवी म्हणजे प्रोस्टेट किंवा किडनी असू शकते, आणि तुमच्या घरातली गोळी या दोन्ही ठिकाणी पोचत नाही. तिथे कल्चर बघून वेगळं औषध आणि जास्त दिवस लागतात. ताप नसलेल्या पुरुषांत सात दिवस चौदाइतकेच पुरतात असं २०२१ मध्ये दिसलंय, पण तुम्हाला ताप आहे.

खडीसाखर
मग तो एक डोसचा सॅशे असतो ना, पाण्यात विरघळवून घ्यायचा? भाचीला दिला होता. एकदा घेतलं की झंझट संपली. सगळ्यांनाच तो का देत नाहीत?

डॉ_तळटीप
फॉस्फोमायसिन, ३ ग्रॅम. रात्री झोपताना, लघवी करून, जेवणानंतर दोन-तीन तासांनी. कोर्स अर्धवट सोडण्याचा प्रश्नच नाही हा मोठा फायदा. पण २०१८ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी आली. पाचशेच्या वर बायका, एका गटाला नायट्रोफ्युरंटॉइन पाच दिवस (तिथे दिवसातून तीनदा दिलं होतं), दुसऱ्याला एक सॅशे. अठ्ठाविसाव्या दिवशी पहिल्या गटात ७० टक्के बऱ्या, दुसऱ्यात ५८. म्हणून मी किडनी फारच मंद असेल, किंवा गोळी सोसत नसेल, तर सॅशेकडे वळतो. किडनीपर्यंत गेलेल्या इन्फेक्शनला हाही चालत नाही.

गरोदर बायकांचं गणित वेगळं. तिथे लक्षणं नसली तरी लघवीतले जंतू मारावे लागतात, सिप्रोचं कुटुंब टाळतात आणि नायट्रोफ्युरंटॉइन बाळंतपण जवळ आलं की देत नाहीत. त्यावर वेगळा धागा काढा.

सातारी_कंदी
अपडेट. कल्चर आलं. ई. कोलाय, एक लाखाच्या वर, खाली 'ईएसबीएल' असं ठळक अक्षरांत. सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्सोन, सिप्रो, को-ट्रायमॉक्साझोल सगळ्यांपुढे आर, म्हणजे लागू पडत नाही. एस, म्हणजे लागू पडतं, फक्त नायट्रोफ्युरंटॉइन, फॉस्फोमायसिन, अमिकासिन, मेरोपेनेम (शेवटची दोन इंजेक्शनं). मेरोपेनेमसमोर ०.२५ लिहिलंय आणि नायट्रोफ्युरंटॉइनसमोर १६. काकांनी लगेच बोट ठेवलं: "बघा, मेरोपेनेम कितीतरी पट पॉवरफुल. ॲडमिट करा."

आई कशी आहे ते सांगायचं राहिलं. जळजळ जवळजवळ गेली, रात्री एकदाच उठते.

प्लेटवाली
काकांना नमस्कार सांगा आणि तो कागद त्यांच्या हातातून काढून घ्या.

हे एमआयसीचे आकडे, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला कमीत कमी किती औषध लागतं ते. ते एकमेकांशी ताडून बघायचे नसतात. प्रत्येक औषधाची स्वतःची रेघ असते. ई. कोलायसाठी नायट्रोफ्युरंटॉइनची रेघ ३२ वर आहे, १६ त्याच्या आत आहे, पास. मेरोपेनेमची रेघच १ वर आहे. रुपयाची किंमत आणि पावशेराचं वजन शेजारी लिहून 'कोणता मोठा' असं विचारण्यासारखं आहे हे. आणि त्या १६ च्या कित्येक पट औषध मूत्राशयात जमा होतं.

ईएसबीएल हा शब्द ठळक छापतो तो डॉक्टरांसाठी. हा जंतू सेफिक्झिमसारखी औषधं तोडून टाकणारं एन्झाइम बनवतो, एवढाच अर्थ. तो जास्त जहाल असतो असं नाही. साधा ई. कोलाय जितकी जळजळ करतो तितकीच हाही. आमच्याकडे बाहेरून, ॲडमिट न झालेल्या पेशंटांकडून येणाऱ्या नमुन्यांतही हा सर्रास दिसतो.

मेरोपेनेम राखून ठेवायला का सांगतो? २००९ मध्ये एनडीएम-वन हे मेरोपेनेम तोडणारं एन्झाइम पहिल्यांदा छापून आलं, ते बनवणारा जंतू सापडला होता भारतात उपचार घेतलेल्या एका स्वीडिश पेशंटच्या लघवीत. मेरोपेनेमलाच न जुमानणारा. नावात नवी दिल्ली आली म्हणून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. लघवीच्या इन्फेक्शनपासूनच ही गोष्ट सुरू झाली हे मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मेडिकलवाला_सांगली
ईएसबीएल बघितलं की हल्ली चिठ्ठीत फॅरोपेनेमच्या गोळ्या येतात. पट्टीची किंमत ऐकून माणूस अर्धीच नेतो.

प्लेटवाली
त्यावर माझा रागच आहे. फॅरोपेनेम त्याच मेरोपेनेमच्या घराण्याजवळचं, तोंडाने घ्यायचं. अमेरिकेत त्याला मंजुरीच मिळालेली नाही. आम्ही ज्या नियमांनी एस-आर ठरवतो त्यात त्याची रेघच नाही, मग लॅब 'एस' कशाच्या जोरावर छापते? नायट्रोफ्युरंटॉइन चालत असताना ते लिहायचं काहीच कारण नाही.

डॉ_तळटीप
थोडं मऊ घेतो. ज्याला नायट्रोफ्युरंटॉइन देता येत नाही, सॅशेने भागलं नाही आणि रोज इंजेक्शनसाठी तालुक्याला येणं परवडत नाही, अशा पेशंटला मी फॅरोपेनेम दिलंय. कागदावर प्लेटवाली ताई बरोबर आहेत.

कंदी ताई, आईंना बरं वाटतंय, औषध एसमध्ये आहे, कोर्स पुरा करा, एवढंच. ॲडमिट कशासाठी?

वडाची_पारंबी
माझं उलटं आहे. लघवीत पस सेल्स ३०-४०, त्रास सुरूच, पण कल्चर दर वेळी 'नो ग्रोथ'. प्रत्येक वेळी नवं अँटिबायोटिक, शेवटचं लिव्होफ्लॉक्सासिन. चार-आठ दिवस बरं वाटतं, परत तेच. वजनही उतरलंय.

डॉ_तळटीप
पारंबी, पुढचं अँटिबायोटिक घेऊ नका. पस आहे पण जंतू उगवत नाही याची कारणं अनेक: नमुन्याआधी गोळी घेतलेली असणं, खडा, लैंगिक संबंधातून येणारे काही जंतू. आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असं एक: लघवीच्या मार्गाचा क्षयरोग. त्याचे जंतू नेहमीच्या प्लेटवर उगवतच नाहीत. लिव्होफ्लॉक्सासिन हे क्षयावरचंही औषध आहे, म्हणून अर्धवट दाबलं जातं, बरं वाटतं आणि निदान लांबतं. वजन उतरणं मला आवडलेलं नाही. सोनोग्राफी आणि सकाळच्या लघवीची क्षयासाठी तपासणी, यासाठी फिजिशियन किंवा युरॉलॉजिस्टला या आठवड्यात भेटा. आधीचे सगळे कागद न्या, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा.

वडाची_पारंबी
हे कुणीच बोललं नव्हतं. सोमवारी जाते.

सातारी_कंदी
आईचा कोर्स संपला, ठणठणीत आहे. सिरप डॉक्टरबाईंनीच बंद केलं, म्हणाल्या चिठ्ठीच्या सवयीने गेलं. खाजेसाठी तपासलं, बुरशी निघाली, मलम दिलंय. डॅपाग्लिफ्लोझिनबद्दल मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलणार आहेत. आता शेवटचे दोन प्रश्न. काका म्हणतात, 'जंतू गेले का' हे बघायला परत कल्चर करा. करू का? आणि तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून काय?

डॉ_तळटीप
लक्षणं नाहीत तर कल्चर नको. या वयात, विशेषतः मधुमेहात, त्रास काहीच नसताना लघवीत जंतू सापडणं खूप कॉमन आहे. सापडले की औषध द्यायचा मोह होतो, त्याने फायदा शून्य आणि पुढच्या वेळी एसची यादी आणखी आखूड. गरोदरपण आणि लघवीच्या मार्गाची काही ऑपरेशनं एवढाच अपवाद.

न होण्यासाठी: पाळी गेलेल्या बायकांना योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम चांगलं काम करतं. आपल्याकडे विचारायला लाजतात आणि लिहायला विसरतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे मुद्दाम विषय काढा. पाण्याचं म्हणाल तर दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या तरुण बायकांनी रोज आणखी दीड लिटर वाढवल्यावर इन्फेक्शनं जवळपास निम्म्यावर आली, असं २०१८ च्या एका चाचणीत दिसलं. आईंच्या वयाला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण हृदय-किडनीच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर प्यायला हरकत नाही. मेथेनामिन नावाचं अँटिबायोटिक नसलेलं औषधही आहे. रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीस तोड ठरलं, असं २०२२ मध्ये ब्रिटनमधून आलं. तिसरी वेळ आलीच तर त्याचा विचार.

खडीसाखर
म्हणजे धन्या-जिऱ्याचं पाणी चालेल ना?

डॉ_तळटीप
पाणी म्हणून चालेल.

मेडिकलवाला_सांगली
कंदी ताई, क्रीम चिठ्ठीवरच मिळेल आणि प्रत्येक दुकानात नसतं, दोन दिवस आधी सांगून ठेवा. सोबत प्लास्टिकची नळी येते, ती खोक्यातून फेकून देऊ नका. माझ्याकडे निम्म्या बायका नळी हरवली म्हणून परत येतात.